चकलीची चकती

प्लेनो, टेक्सस
१२ मे १९८६

चि. सौ. मालिनी,

आशीर्वाद. घे किंवा बाजूला ठेव, पण थोरल्या जावेने धाकटीला लिहिताना दुसरं काय लिहायचं ते मला ठाऊक नाही. पाकिटावरचं अक्षर बघून तू ते न फोडता राजारामभावजींच्या हातात देशील आणि ते वाचायला लागले की आत भांडी जरा हळू आपटशील, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा भावजी, नमस्कार, आणि जरा मोठ्याने वाचा.

गिरीशकडे येऊन महिना होत आला. इथलं मला काय आवडत नाही ते आधी सांगते, म्हणजे तुला बरं वाटेल. एक म्हणजे दुधावर साय धरत नाही. कितीही तापवा, ढिम्म. आपण जन्मभर साय विरजून लोणी काढलं आणि इथे लेकाच्या घरी मी दुकानातलं लोणी कढवून तूप करते. दुसरं, घरात एसी असा सोडतात की मी स्वेटर घालून भाजी चिरते आणि दार उघडलं की तापल्या तव्यावर पाय ठेवल्यासारखं होतं. तिसरं, रस्त्यावर माणूस नाही. रस्ता आहे, फूटपाथ आहे, झाडं आहेत, माणूस नाही. मी सकाळी फिरायला निघाले तर गाडी थांबवून एकाने विचारलं, बाई, हरवलात का? दुसऱ्या दिवशी दुसरीने विचारलं. आता मी हातात पिशवी घेऊन जाते, म्हणजे कामाला निघाल्यासारखी दिसते.

पण मजाही आहे हो. दारापुढे खांबावर पत्राची पेटी असते आणि तिला एक लाल झेंडी. आपलं पत्र आत ठेवायचं आणि झेंडी वर करायची, पोस्टमन येऊन घेऊन जातो. आमच्या टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बत्ती लागायची ना, तसंच वाटतं मला. नोकरीतून सुटले तरी कोणाचं काय चाललंय ते ऐकायची खोड काही सुटत नाही. मॉलमध्ये सकाळी दुकानं उघडायच्या आधी म्हातारी माणसं पांढरे बूट घालून नुसत्या फेऱ्या मारतात. सूनबाई दीपा ऑफिसला जाताना मला तिथे सोडते आणि मी त्यांच्या मागे मागे चालते. सगळ्यांचे गुडघे, सगळ्यांच्या सुना आणि सगळ्यांचे डॉक्टर आता मला तोंडपाठ आहेत.

आणि एक नवल सांगते. शनिवारी समोरच्या घरच्यांनी गॅरेजपुढे सगळं घर बाहेर काढून मांडलं होतं. उशा, पांघरुणं, कपबश्या, दिवे, लहान मुलाची सायकल. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, या लोकांनाही कळतं की पावसाळ्याआधी जिनसांना ऊन दाखवावं लागतं. सासूबाई कशा आपल्याला गच्चीवर पळवायच्या, आठवतं ना? येत्या शनिवारी मीही सगळं काढणार आहे. गोधडी, डाळींचे डबे, हळद, तिखट, पितळेची भांडी. इथलं ऊन तर काय, एका दिवसात सात पिढ्यांची कसर निघेल.

सासूबाईंचा सोऱ्या सुखरूप आहे. तू विचारलं नाहीस, पण सांगते.

सुमित्रावहिनी

प्लेनो
२७ मे १९८६

चि. सौ. मालिनी,

तुझं पत्र नाही. मी वाट बघितली असंही नाही. पोस्टमन आपला अकराच्या सुमाराला येतो आणि मी आपली त्या वेळी बागेत असते, एवढंच.

इथे हवा तापली आहे. गुलाब करपले. टीव्हीवर एक माणूस दिवसभर नुसतं हवामान सांगतो, दुसरं काही नाही, आणि मी ते बघत बसते. काल त्याने कुठल्या तरी गावात गारा पडल्या म्हणून दाखवलं, तर मला त्या गावातल्या वाळवणांची काळजी लागली. गिरीश हसला. म्हणाला, आई, त्यांच्याकडे वाळवण नसतं. मी म्हटलं, काहीतरी असेलच की बाहेर ठेवलेलं.

बरं, मी मागे लिहिलं होतं तसं शनिवारी सगळं उन्हात मांडलं. चादर अंथरली, तिच्यावर डबे ओळीने, पितळ घासून लख्ख करून पुढे. लोक थांबायला लागले. गाड्या थांबवून उतरायचे, गोधडीवर हात फिरवायचे, डब्यात डोकवायचे. इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं माझ्या संसाराचं. मीही सगळ्यांना हळदीचा वास दिला. एकाने तांब्या उचलून सगळीकडून न्याहाळला आणि काहीतरी पुटपुटला. मी हसून मान हलवली, तो बिचारा ठेवून गेला.

तुला एक विचारायचं होतं. आपल्या सोऱ्याच्या दांड्यावर कोणाचं नाव होतं, सासूबाईंचं की मामंजींचं? सहज विचारतेय.

सहज नाही. माले, सोऱ्या गेला.

मी चहा टाकायला आत गेले होते. रुपालीला म्हटलं, बाळ, इथे बस, लक्ष ठेव. बाहेर आले तर नात नाचत होती. हातात डॉलरच्या नोटा. ‘आजी, आय सोल्ड इट! फर्स्ट सेल!’ मला कळेचना. मग गिरीशने कपाळाला हात लावून सांगितलं की इथे घरासमोर सामान मांडलं म्हणजे ते विकायचं असतं. समोरच्यांनी ऊन दाखवलं नव्हतं, भंगार काढलं होतं. आणि मी मूर्खासारखी सासूबाईंचा सोऱ्या चकचकीत करून सगळ्यात पुढे ठेवला होता. पोरीला काय बोलणार? तिला वाटलं, आजीला मदत केली.

आता हस. मनातल्या मनात म्हण, बरी खोड मोडली वहिनीची. मी तुझ्या जागी असते तर मीही म्हटलं असतं. पण हसून झालं की मला एवढं कळव, की तुलाही थोडं वाईट वाटलं.

सुमित्रावहिनी

प्लेनो
१४ जून १९८६

चि. सौ. मालिनी,

सापडला!

सापडला, पण मिळाला नाही. ते कसं ते सांगते. भावजी, आता खुर्ची ओढून बसा.

रुपालीला एवढंच आठवत होतं की एक म्हातारी बाई होती आणि तिच्याकडे हिरवा ट्रक होता. ट्रक म्हणजे आपल्याकडचा नव्हे, पुढे गाडी आणि मागे उघडा हौदा. मी रोज सकाळी पिशवी घेऊन हिरव्या ट्रकच्या शोधात निघाले. त्या निमित्ताने अख्ख्या वसाहतीची गॅरेजं मला बघायला मिळाली. काय काय असतं गं लोकांकडे! एकाच्या गॅरेजमध्ये होडी. इथे पाण्याचा पत्ता नाही आणि माणूस होडी बाळगून आहे. मी थांबून विचारलंच त्याला. तो तासभर तळ्यातल्या माशांबद्दल बोलला आणि शेवटी म्हणाला, हिरवा ट्रक ना? ती क्लारा, कोपऱ्यावरच्या घरातली.

क्लाराबाई माझ्याच वयाची. जन्मभर शाळेची बस चालवली, आता निवृत्त. नवरा वारला. उंच, आवाज घोगरा, पायात पुरुषी बूट. दार उघडलं आणि आत बघते तर जेवणाच्या टेबलावर मधोमध आपला सोऱ्या! मी एक्स्चेंजमधलं इंग्रजी काढून सगळं सांगितलं, पैसे पुढे केले. ती म्हणाली, ‘थांब. आधी मला सांग, हे आहे काय?’

माले, त्या बाईला गेले कित्येक दिवस झोप नव्हती या सोऱ्यापायी. तिला आधी वाटलं पाण्याचा पंप. मग वाटलं मेणबत्त्यांचा साचा. मग तिने त्यात सॉसेजचं मटण भरून बघितलं. (किंचाळू नकोस, मी ओरडले आहे तुझ्या वाटचं. नंतर मी तो चिंच लावून तीन वेळा घासला आणि गंगाजल नाही म्हणून तुळशीचं पाणी शिंपडलं.) ती म्हणाली, ‘मी हे रीतसर विकत घेतलंय. तू ह्याचं काम करून दाखव, मग बोलू.’

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगू? मला ती आवडली. मीही तिच्या जागी असते तर सोडला नसता. दुसऱ्या दिवशी बेसन घेऊन गेले आणि तिच्या चुलीवर शेव पाडली. ती लहान पोरीसारखी कढईत वाकून बघत होती. मग सोऱ्या उलटा करून शेवेची चकती काढली, बोटांत फिरवली आणि म्हणाली, ‘ह्याला अजून चकत्या असणार. इथे एक खाच जास्त झिजली आहे. दुसरी कुठे आहे?’

बस चालवणारी बाई ती, यंत्राची झीज ओळखणारी, तिला पितळ वाचता येतं. मी म्हटलं, माझ्या जावेकडे आहे. तिने विचारलं, मग माग ना. मी म्हटलं, आम्ही बोलत नाही. ती म्हणाली, कोण कोणावर रागावलंय?

मी तिला सगळं सांगितलं, तुलाही सांगते, कारण आपण दोघींनी हे कधी तोंडाने म्हटलंच नाही. सासूबाई गेल्या, दोन चुली झाल्या. भांडी वाटली तेव्हा सोऱ्या माझ्याकडे आला. घरी येऊन उघडला तर आत शेवेची चकती होती, चकलीची नव्हती. मी तुला विचारलं, तू म्हणालीस, ‘मला काय माहीत.’ मी म्हटलं, ‘बरं.’ त्या एका ‘बरं’वर आपण इतक्या दिवाळ्या काढल्या. तांबट आळीतल्या कुठल्याच चकत्या त्यात बसत नाहीत, मी सगळ्या लावून बघितल्या. तू मुकाट बाजारच्या चकल्या आणल्यास, मी मुकाट शेव केली. गिरीश लग्नानंतर पहिल्यांदा दिवाळीला आला तेव्हा म्हणाला, आई, काकूच्या हातच्या चकल्या? मी म्हटलं, तुझ्या काकूला आता वेळ नसतो.

चकल्या तुझ्याच चांगल्या व्हायच्या. सोऱ्या तुझ्या वाट्याला गेला असता तर मीही चकती लपवली असती. घे, हे लिहून दिलं.

तर आता क्लाराबाईची अट अशी: तिला चकली बघायची आहे. चकली बघितल्याशिवाय ती सोऱ्या सोडणार नाही. मी पैसे वाढवले, ती हसली. म्हणाली, ‘सू,’ सुमित्रा तिला पेलवत नाही, ‘सू, तुझ्या जावेला पत्र लिही.’

लिहिते आहे. माले, मी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत निघते. तोवर चकती आली नाही तर सासूबाईंचा सोऱ्या या टेक्ससमध्ये कायमचा राहील आणि त्यात मटण भरलं जाईल. चकती पाठव. मी मागतेय.

तुझी
सुमित्रावहिनी

प्लेनो
२० जुलै १९८६

मालिनी,

पाच आठवडे झाले. पेटी उघडून बघून बघून तिचा खिळा ढिला झाला.

नको पाठवूस. त्या चकतीचं लोणचं घाल. मुरवून ठेव, नातवंडांच्या लग्नात वाढ. मी उगाच शब्द टाकला. थोरलीने धाकटीपुढे कधी शब्द टाकू नये असं सासूबाई म्हणायच्या, त्या उगाच नाही म्हणायच्या.

क्लाराबाई रोज विचारते, आलं का पत्र? मी रोज म्हणते, भारतातलं टपाल हळू असतं. काल ती म्हणाली, ‘तुझी जाऊ हट्टी आहे.’ मला असा राग आला! मी म्हटलं, तुला काय माहीत माझी जाऊ. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात रात्रंदिवस तिने केलं, माझी ड्यूटी असायची. तुझ्या मुली करतील का तसं? तिला मुलीच नाहीत, हे मला घरी आल्यावर दीपाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे थालीपीठ घेऊन गेले.

आम्ही दोघी आता मॉलमध्ये एकत्र चालतो. ती पुढे, मी मागे. ती सगळ्यांना सांगते की ही सू, हिच्याकडे एक पितळेचं यंत्र होतं, ते आता माझ्याकडे आहे. मग सगळी म्हातारी मंडळी मला विचारतात, जावेचं पत्र आलं का? अख्ख्या मॉलला तुझं नाव ठाऊक आहे, मॅलिनी म्हणतात. माझी मान खाली जाते.

निदान नाही म्हणून तरी लिही. ते तरी तुझ्या अक्षरात येईल.

सुमित्रा

प्लेनो
२४ ऑगस्ट १९८६

माझी माले,

शुक्रवारी संध्याकाळी फोन वाजला. दीपाने रिसिव्हर मला दिला. पलीकडून एक मुलगा, दबून बोलत होता. ‘काकू, मी अतुल. नाशिकहून आलोय, इथे युनिव्हर्सिटीत एम.एस. करायला. मालिनीमावशींनी तुमच्यासाठी एक डबा दिलाय. म्हणाल्या, हातातच दे.’ मला पुढचं ऐकूच आलं नाही. जन्मभर इतरांचे फोन जोडून दिले गं, पण माझ्यासाठी आलेला फोन ठेवायचं विसरून मी चपला शोधायला लागले.

गिरीश मला घेऊन लगेच त्याच्या खोलीवर गेला. पोरगं खंगलेलं दिसलं, कधीचं ब्रेड-बटाट्यावर आहे. त्याला घरी आणून वरण-भात घातला. मग डबा उघडला.

चिठ्ठी नाही. मी झाकणाखाली बघितलं, तळाशी बघितलं, भाजणीत बोट घालून बघितलं. एक ओळ नाही. भाजणी आणि सासूबाईंच्या जांभळ्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली चकती.

मला वाटलं होतं चकती काळी पडलेली असेल. इतकी वर्षं कुठल्या कोनाड्यात पडलेली वस्तू, गंज नाही तरी हिरवा थर चढायचाच. पण लख्ख! आणि एकदा घासून झालेली लख्ख नव्हे. चांदणीच्या कोपऱ्यांत काडीचा काळेपणा नाही. कोपरे तर असे गुळगुळीत झालेत की दर दिवाळीला कोणीतरी चिंच लावून बोटाने घासत आलं असावं. सोऱ्या नाही, चकल्या नाहीत, आणि तरी तू घासत बसायचीस. होय ना?

मीही घासायचे गं. मीही दर दिवाळीला सोऱ्या काढायचे, त्यातली ती रिकामी खाच पुसायचे आणि परत ठेवायचे. मग शेव करायचे.

मी तिथेच ओट्याशी बसून रडले. रुपाली घाबरली. ‘आजी, इज इट ब्रोकन?’ म्हणाली. मी म्हटलं, नाही गं बाळ, व्यवस्थित आहे.

काल क्लाराबाईकडे गेलो, मी, दीपा, रुपाली आणि अतुल. मॉलमधली आणखी दोन म्हातारी जोडपी आधीच येऊन बसली होती, तिने बोलावलं होतं. मी उकड काढली, मळली, चकती खाचेत बसवली. टक् असा आवाज झाला. तो आवाज तू ऐकायला हवा होतास. पहिली चकली तुटली, दुसरीचे तुकडे पडले, माझ्या हाताला तुझं वळण नाही. तिसरीला काटा सुटला. नळीदार, लालसर, अगदी पूर्वीसारखी. क्लाराबाईने ती हातात धरून उजेडात फिरवली, एक तुकडा मोडला, खाल्ला, आणि सगळ्यांना म्हणाली, ‘आता समजलं. ही बाई वेडी नव्हती.’

मग तिने स्वतः सोऱ्या धुतला, पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवला. पैसे घेतले नाहीत. म्हणाली, पुढच्या वेळी येशील तेव्हा मॅलिनीला घेऊन ये. मी तिला चकल्यांचा डबा दिला आणि पदर तोंडाला लावून आले.

मी चार सप्टेंबरला मुंबईला उतरते, रात्रीच्या गाडीने पाच तारखेला पहाटे नाशिकरोडला. भावजींना स्टेशनवर पाठवू नकोस. तू ये. तू नाही आलीस तर मी तिथेच बाकावर बसून राहीन आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगेन की माझी जाऊ मला न्यायला येणार आहे. मला अनोळखी माणसांशी बोलायची आता सवय झाली आहे.

आणि वाटणीचं मी ठरवलंय, त्यावर वाद नको. सोऱ्या यापुढे तुझ्याकडे राहील. चकती माझ्याकडे. चकली हवी असली की तुला माझ्याकडे यावं लागेल, नाहीतर मला तुझ्याकडे. दुकानात त्या मापाची चकती मिळत नाही, हे आपल्या दोघींना ठाऊक आहे. कोणी आजारी पडलं, कोणी रुसलं, तरी दिवाळी कोणासाठी थांबत नाही.

भाजणी मात्र तूच कर. आणि धणे जरा कमी घाल. तुझा हात पहिल्यापासून धण्याला सैल आहे.

तुझी
वहिनी